स्टेटसवरचं वचन आणि मिटलेलं बायबल

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मी बायबलमधलं वचन टाकायची. सूर्योदयाचा फोटो, त्यावर स्तोत्रातली एक ओळ, कोपऱ्यात कबुतर. आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला, मग माहेरच्या ग्रुपवर, मग महिला मंडळाच्या, मग तरुण संघाच्या. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. एकदा चहा गाळताना सासूबाईंनी विचारलं, "आज कुठलं वचन होतं गं?" गाळणी हातात, पातेल्यातून वाफ येतेय, आणि मला आठवेना. वीस मिनिटांपूर्वी साठ-सत्तर जणांना पाठवलेलं वचन! कबुतर तेवढं डोळ्यांसमोर होतं.

मम्मी (सासूबाईंना मी मम्मीच म्हणते) पुढे काही बोलल्या नाहीत. बशीत चहा ओतून पीत बसल्या.

फोन म्हणजे सैतानाचं खेळणं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातली नाही. ऑफिसचं काम, मुलाच्या क्लासची फी, गावाकडे असलेल्या आईचं तोंड बघणं, सगळं त्यावरच चालतं. माझं म्हणणं वेगळं आहे. रील्स बघून वेळ गेला की निदान मनाला टोचतं. वचन फॉरवर्ड केलं, भजनाची लिंक पाठवली, कुणाच्या आजारपणाखाली हात जोडलेली खूण टाकली, की टोचत नाही. उलट भक्ती झाली असं वाटतं. म्हणून हाताला लागेल तिथून सुरुवात करण्यापेक्षा या भक्तीसारख्या दिसणाऱ्या सवयींपासून करा. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, माझं ऑफिस ठाण्याला, त्यामुळे उदाहरणं इथलीच आहेत.

आधी आठ दिवसांचा हिशेब

काहीही बंद करू नका, फक्त लिहून ठेवा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. कुठल्या अ‍ॅपवर किती मिनिटं गेली आणि दिवसात फोन किती वेळा उघडला, दोन्ही तिथे दिसतं. रात्री झोपताना ते आकडे वहीत उतरवायचे. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि चार रकाने पाडले: कामाचं, माणसांचं, भक्तीसारखं आणि उगाच.

तिसऱ्या रकान्यात काय काय येतं ते जरा कठोरपणे ठरवा. वचनाचे फोटो शोधणं आणि पाठवणं, उपदेशाचे अर्ध्या-एक मिनिटाचे तुकडे, भजन लावून पोळ्या लाटणं, मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) ग्रुपवरचे 'आमेन'. माझ्या वहीत एका मंगळवारी या रकान्यात अठ्ठेचाळीस मिनिटं निघाली. त्याच दिवशी बायबल उघडून वाचलं होतं सहा मिनिटं. 'उगाच'चा आकडा इथे सांगत नाही.

आणखी एक टिपा: जाग आल्यावर पहिलं कुठलं अ‍ॅप उघडलं. बऱ्याचदा दिवसाचं वळण तिथेच ठरतं.

फोन रात्री कुठे झोपतो

सगळ्यात जास्त फरक मला इथे पडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, की प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे. वन बीएचकेत पाच माणसं असली की हे वचन वाचून आधी हसू येतं. दार आहे ते संडास-बाथरूमला, आणि तिथेही बाहेर कुणीतरी उभंच असतं. आमच्याकडे शेवटी वॉशिंग मशीनची गॅलरी ठरली. मशीनच्या झाकणावर बायबल आणि वही, बसायला प्लास्टिकचा स्टूल, समोर शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी. तुमच्याकडे स्वयंपाकाचा ओटा असेल, जिन्याची वरची पायरी असेल. जागा रोज तीच हवी आणि तिथे फोन न्यायचा नाही, एवढ्या दोनच अटी. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकान्ताच्या जागी जातो. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात लोटलं होतं, हे त्याच्या आधीच्या ओळींत आहे. म्हणजे गर्दी त्यालाही चुकली नव्हती.

आता फोन. रात्री दहाला आमच्याकडे सगळे फोन पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात जातात आणि डबा फ्रिजवर राहतो. झाकण लावत नाही, चार्जरची वायर आत सोडलेली असते. पहिल्या रात्री सगळ्यांचा एकच प्रश्न: अलार्म कसा लावायचा? जांभळी नाक्याला दोनशे साठ रुपयांचं टेबलावरचं घड्याळ आणलं. त्याचा आवाज कर्कश आहे, पण ते बंद करायला हात लावला की तीन मेसेज दिसत नाहीत.

गावाकडे म्हातारी माणसं असतील तर फोन बंद करून ठेवणं जमणार नाही, माझंही जमत नाही. त्यासाठी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि ठरावीक नंबरांना सूट द्या. एकाच नंबरावरून थोड्या मिनिटांत (अँड्रॉइडमध्ये पंधरा, आयफोनमध्ये तीन) दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू द्यायचा, अशीही सोय त्यात असते. ती चालू ठेवा. अडीअडचणीला माणूस दोनदा फोन करतोच.

अ‍ॅपवर रोजची मर्यादा लावता येते, तीही लावा, पण तिच्यावर फार विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये ठरवलेली मिनिटं संपली की अ‍ॅप दिवसभरासाठी बंद होतं, आणि मध्यरात्री बारा वाजता हिशेब पुन्हा शून्यावर येतो. आमच्या चिरंजीवांना हे माझ्या आधी कळलं होतं. बारा वाजून एक मिनिटाला पांघरुणाखाली उजेड!

वाचायचं काय, हे आदल्या रात्री ठरलेलं हवं

स्टुलावर बसून "आज काय बरं वाचावं" असा विचार सुरू झाला की हात फोन शोधतो. म्हणून ठरलेलं असू द्या. तीन सोप्या वाटा सांगते.

नवीन सुरुवात असेल तर मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, रोज एक, म्हणजे दोन आठवडे आणि वर दोन दिवस. ज्यांना फार वेळ बसवत नाही त्यांनी बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक घ्यावं. त्यात एकतीस अध्याय आहेत. आज जी तारीख, तो अध्याय. चार दिवस चुकले तरी मागचं साचत नाही, त्या दिवसाच्या तारखेपासून धरायचं. आणि ज्यांना सावकाश वाचायचंय त्यांच्यासाठी एकशे एकोणिसावं स्तोत्र. १७६ वचनांचं हे स्तोत्र आठ-आठ वचनांच्या बावीस कडव्यांत बांधलेलं आहे. हिब्रू मुळाक्षरं बावीस, म्हणून कडवी बावीस. रोज एकच कडवं, मोठ्यानं, दोनदा वाचायचं. मग त्यातलं एक वचन हातानं वहीत लिहायचं. हातानं लिहिताना घाई करता येत नाही. 'तुझे विधी' लिहिता लिहिता माझं पेन एकदा थांबलं आणि दहा मिनिटं तसंच थांबलं, ती माझी कित्येक महिन्यांतली पहिली खरी प्रार्थना होती.

बायबल कागदाचं घ्या. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मराठी बायबल बहुतेक घरांत असतंच, लग्नात मिळालेलं, कपाटात. डोळ्यांना त्रास होत असेल तर मोठ्या टायपाचं घ्या. फोनवरच वाचणं भाग असेल तर अध्याय उघडून झाल्यावर फ्लाइट मोड लावा.

गाण्याचंही तेच. यूट्यूबवर एक भजन संपतं, दुसरं आपोआप सुरू होतं, तिसऱ्याला जळकी कढई घासायची युक्ती येते. ऑटोप्ले बंद करा. त्याहून बरं, गीतांचं पुस्तक उघडून रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद स्वतःच्या गळ्यानं म्हणा. सूर लागला नाही तर शेजाऱ्यांची मुलं तबल्याचा क्लास घरीच घेतात, त्याची परतफेड समजा.

वचन पाठवायचं असेल तर

मी पाठवणं बंद केलं नाही, पद्धत बदलली. आता ज्या वचनापाशी सकाळी बसले तेच पाठवते, आणि एकाच माणसाला. का पाठवलं ते दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहिते: "तुझ्या इंटरव्ह्यूची आठवण झाली, म्हणून." फोटो नाही, कबुतर नाही. कुणाला पाठवायचं हेच सुचत नसेल तर त्या दिवशी पाठवायचं नाही.

मात्र हा नियम सगळ्यांवर लादू नका. कळव्याला माझी एक मावशी एकटी राहते. तिचं वचन रोज सहा दहाला येतं, फुलांच्या परडीसकट. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ते आलं नाही. साडेसहाला मी फोन केला, तिनं उचलला नाही, मग शेजारणीला केला. मावशी बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती. तिच्यासारख्या माणसांसाठी ते फॉरवर्ड म्हणजे 'मी आहे' असं सांगणं असतं. त्यांना "मावशी, असले मेसेज टाकू नकोस" म्हणणारा भाचा मला आवडत नाही. उत्तरादाखल खूण टाकण्याऐवजी आठवड्यातून दोनदा फोन करा, एवढं पुरे.

मंडळीचा ग्रुप

इथे माझी चूक आधी सांगते. ओळखीतल्या एका मुलीचं सासरी बिनसलं होतं. तिच्या आईनं मला रडत रडत सांगितलं आणि मी त्याच रात्री महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "अमक्या बहिणीच्या संसारासाठी विशेष प्रार्थना करावी." हेतू चांगला होता असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीच्या नवऱ्याला जालन्याहून त्याच्या काकांचा फोन गेला. ती मुलगी माझ्याशी आठ महिने बोलली नाही. लाकडं संपली की आग विझते आणि चहाडखोर नसला की भांडण मिटतं, अशा अर्थाचं नीतिसूत्र आहे, सव्विसाव्या अध्यायात. त्या रात्री लाकूड मी घातलं होतं.

तेव्हापासून आमच्या मंडळीत काही गोष्टी ठरल्या, तुम्हीही ठरवून बघा. ग्रुप दोन करायचे. एक फक्त सूचनांचा, त्यात अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग. उपासनेची वेळ, अंत्यविधी, भाड्याच्या बसचे पैसे, सगळं तिथे. दुसरा प्रार्थनेचा, आणि त्यात विनंती टाकण्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्याची परवानगी. हॉस्पिटलच्या रिपोर्टचे फोटो नाहीत. आजाराचं नाव सांगायचं की नाही हे आजारी माणूस ठरवेल. विनंतीवर तारीख असावी आणि काम झालं की ज्यानं टाकली त्यानंच तसं कळवावं, नाहीतर बरा होऊन कामावर गेलेल्या माणसासाठी लोक चार महिने 'प्रभू बरे करो' लिहीत राहतात.

हात जोडलेल्या खुणेबद्दल मी स्वतःपुरता नियम केला आहे: आधी डोळे मिटून त्या माणसाचं नाव घ्यायचं, मग खूण. पंधरा सेकंद लागतात. पहिल्या आठवड्यात माझ्या खुणा निम्म्यावर आल्या, त्यावरून आधी काय चाललं होतं ते कळलं.

कुणाशी वाद झाला तर तो ग्रुपवर सोडवायचा नाही. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोल, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. कमिटीच्या निवडणुकीच्या दिवसांत हे पान उघडून ठेवावं. रात्री दहानंतर लांबलचक उत्तर सुचलंच तर ते वहीत लिहा आणि सकाळी वाचा. माझी अशी तीन उत्तरं वहीत पडून आहेत, एकही पाठवायची गरज पडली नाही.

बाकी खटपट लहान आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'ग्रुप्स' असतं, तिथे फक्त ओळखीच्यांनाच आपल्याला ग्रुपमध्ये घेता येईल असं करा. जे ग्रुप सोडता येत नाहीत ते कायमचे म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका, कुणाला कळत नाही.

फॉरवर्ड तपासणं हीसुद्धा आज्ञाच

खोटी साक्ष देऊ नको. दहा आज्ञांमध्ये आमच्या प्रोटेस्टंट मोजणीत ही नववी आज्ञा, कॅथलिक मोजणीत आठवी, पण दोन्हीकडे आहे. 'अमुक राज्यात चर्च जाळलं, प्रत्येक विश्वासणाऱ्यानं पुढे पाठवा' असा व्हिडिओ आला की अंगठा आपोआप फॉरवर्डकडे जातो. ख्रिस्ती लोकांना त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या देशातला, जुना व्हिडिओ कालचा म्हणून फिरवला की खऱ्या बातमीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे. असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं, तो अडथळा म्हणजे थांबायची सूचना समजा. गाव कुठलं, तारीख कुठली, पाहिलं कुणी? तिन्ही सापडत नसतील तर तिथेच सोडा. 'दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल' हे तर बघायचंही कारण नाही.

पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) फोटो लावून अनोळखी नंबरावरून 'मुलाच्या ऑपरेशनसाठी तातडीनं मदत' असा मेसेज आला तर पैसे पाठवण्याआधी पाळकसाहेबांना त्यांच्या नेहमीच्या नंबरावर फोन लावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

गाडीतला वेळ

कोपरखैरणे ते ठाणे. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. हा माझा सगळ्यात हमखास रील्सचा वेळ होता, कारण उभं राहून एका हातानं करण्यासारखं दुसरं काही नसतं. आता प्रत्येक स्टेशनाला एक माणूस दिला आहे. गाडी घणसोलीला थांबली की आई, रबाळ्याला मुलगा, ऐरोलीला ऑफिसातली एक मैत्रीण जिचे उपचार चालू आहेत. २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा यादीत एक जागा वाढली. ती मी त्या बोलत नसलेल्या मुलीला दिली. ठाणे यायच्या आत स्वतःसाठी एक वाक्य, आणि मग जिन्यावरची गर्दी. डोळे मिटायची गरज नाही, पर्स सांभाळायची असते. परतीच्या गाडीत मी खुशाल रील्स बघते. थकलेल्या माणसाकडून सगळंच काढून घेतलं की तो चार दिवसांत सगळंच सोडतो.

रविवार आणि मुलं

शनिवारी डब्यात गेलेला फोन रविवारी उपासना संपेपर्यंत बाहेर काढायचा नाही. चर्चला जाताना लागलाच तर बॅगेत, बंद. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी अर्पण केलं, म्हणजे दोनशे वर्षं लोटली. एवढ्या काळात प्रभुभोजनाचा व्हिडिओ नसल्यामुळे कुणाचा विश्वास ढळल्याचं ऐकिवात नाही. घरी अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर थेट प्रक्षेपण जरूर लावा आणि त्यांच्याजवळ बसून बघा. पाऊस आहे म्हणून पांघरुणातून बघणं हे वेगळं, ते मी केलं आहे, म्हणून माहीत आहे.

मुलांचे फोन हिसकावू नका. आमच्या मुलाला मी भाषण दिलं तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "मम्मी, आधी तुझा डब्यात टाक." इन्स्टाग्रामच्या किशोरवयीन खात्यात रात्री दहा ते सकाळी सात सूचना आपोआप बंद असतात. खरं वय घालून ते खातं केलेलं आहे ना, एवढं बघा. बाकी घरातल्या प्रार्थनेत त्याला वाचायला द्या, अध्याय त्यालाच निवडू द्या. आमच्याकडे त्यानं लागोपाठ तीन दिवस बायबलच्या 'शास्ते' या पुस्तकातला एहूद निवडला, कारण त्यात तलवार पोटात रुतून बसते. चालतं.

उपवासकाळात

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत सेहेचाळीस दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. त्या चाळीस दिवसांत एकच अ‍ॅप निवडा आणि फोनवरून पूर्ण काढून टाका. 'कमी बघीन' हा उपवास टिकत नाही. रविवारी हवं तर ब्राउझरमधून बघा. आणि कृपा करून 'उपवासकाळानिमित्त मी फेसबुकवर नसेन' असा स्टेटस टाकू नका. उपास करताना तोंड म्लान करून लोकांना दाखवू नये, डोक्याला तेल लावावं, तोंड धुवावं, असं प्रभूनं सांगितलंय. हा स्टेटस म्हणजे म्लान तोंडच की.

घडी मोडली तर

मोडणारच. जुलैत गाड्या बंद पडल्या, ऑफिसचे फोन रात्री अकरापर्यंत चालले, मम्मींना ताप आला, आणि डबा पुन्हा पोळ्यांना गेला. सतरा दिवस फोन उशीखाली होता. अशा वेळी पहिल्यापासून हिशेब मांडत बसू नका, वहीतली सुटलेली पानं भरूनही काढू नका. त्याच रात्री दहाला फोन डब्यात टाका आणि सकाळी त्या तारखेचं नीतिसूत्र काढा. फक्त त्याआधी टेबलावरचं घड्याळ कानाशी धरून बघा. आमच्या घड्याळाचा सेल संपला होता, आणि बदलायला घरात दुसरा नव्हता.